इंजिनाला कोणते तेल

सकाळचा उजेड आमच्या फोटो काढायच्या काचघरात कधी एकदम येत नसे. आधी छपराच्या उत्तरेकडे उतरत्या काचा काळ्याच्या राखाडी होत, आणि बराच वेळ तेवढेच होई. त्या राखाडीत अजून वस्तू नसत, फक्त वस्तूंच्या जागा असत. मग मागच्या रंगवलेल्या पडद्यावरचे खांब दिसू लागत. पडद्यावर तळेही होते, तळ्यात हंस होते, पण ते मागाहून येत; खांब पांढरे, म्हणून पहिला मान त्यांचा. त्यानंतर गिऱ्हाइकांना बसवायच्या खुर्चीच्या हातांवरचे पितळी खिळे एकामागून एक उजळत, फुंकर घालून निखारे जागे करावेत तसे. खुर्चीमागे मान स्थिर ठेवण्यासाठी लोखंडी टेकू होता. तो भिंतीवर सावली टाकण्याच्या विचारात असल्यासारखा उभा राही, पण सावली पडत नसे. उत्तरेच्या उजेडाला कड नसते. तो कोणत्याही वस्तूवर पडत नाही, तिच्याभोवती साचतो. रस्त्याने म्हशी रंकाळ्याकडे निघत, चिमण्या काचांवरून चालत आणि त्यांचे बारीक पाय आम्हाला खालून दिसत. तोवर उजेड फरशीपर्यंत उतरलेला असे, आणि दिवसभर कोणाच्या लक्षातही न येता तो तिथे राही. मी लहानपणापासून रोज हे पाहत आलो होतो. त्यात सांगण्यासारखे काही नव्हते, आणि कदाचित म्हणूनच ते मला इतके प्रिय होते.

माझे वडील, लोकांचे आकाराम मास्तर आणि आमचे आबा, याच उजेडावर जगत. कोल्हापुरात फोटो काढणारे आणखीही होते. पण मेलेल्या माणसाचे चित्र करावे ते आबांनी, असे लोक म्हणत. घरात मृताचा स्वतंत्र फोटो नसला, तर लग्नातल्या किंवा पलटणीतल्या घोळक्यातून त्याचा नखाएवढा चेहरा आबा मोठ्या कागदावर वाढवून घेत. इतका वाढवला की त्या चेहऱ्याचे धुके होई. मग ते मृताच्या आईला, बहिणीला किंवा मुलाला खुर्चीत बसवत, आणि धुक्यात जे हरवले ते त्या जिवंत चेहऱ्यावरून उचलून काळ्या खडूने कागदावर ठेवत. "डोळं आईकडनं येत्यात," ते म्हणत. "बाप फकस्त नाक देतो, ते बी कुरकुरत."

पण असा उजेड वर्षातले आठच महिने. पावसाळ्यात काचांवर दिवसेंदिवस ढग बसून राहत आणि दुपारीसुद्धा पडद्यावरचे हंस पाण्यातून बाहेर येत नसत. म्हणून, ज्या पावसाळ्याची ही गोष्ट त्याच्या दोन वर्षे आधी, हलत्या चित्रांचा एक तंबू डबघाईला येऊन मोडला तेव्हा, आबांनी त्याचे तेलावरचे इंजिन आणि त्याला जोडलेले वीज करायचे यंत्र विकत घेतले. आमच्या पेठेत विजेची तार आलेली नव्हती. सूर्य रजेवर गेला की त्याच्या जागी बदली म्हणून हे इंजिन उभे राहायचे आणि काचघरात विजेचा मोठा दिवा पेटवायचा, एवढीच त्याची नेमणूक. इंजिनाबरोबर लालासाबही आला. तंबूत तोच ते चालवी. त्याला कोणी विकले नव्हते, तो आपणच आला, परसातल्या पत्र्याखाली इंजिनाशेजारी बाज टाकली आणि म्हणाला, "मालक, हे माझ्याबिगर पेटत न्हाय. बायकोचं बी ऐकत न्हाय."

त्या आषाढात, थोरल्या लढाईच्या चौथ्या वर्षी, गडमुडशिंगीच्या बयाबाई आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा पिराजी बसऱ्याकडे लढाईत मेला होता. पलटणीच्या फोटोत मागच्या रांगेत, दोन फेट्यांच्या मधून, त्याचा चेहरा डोकावत होता. सरकारने त्याचा कमरेचा पट्टा घरी पाठवला होता.

"गेल्या खंडेनवमीला नुसता पट्टा पुजला," त्या म्हणाल्या. "हळद लावली, फूल ठिवलं. पर मास्तर, पट्टा बगून काय आठवायचं वो? आता कवा कवा सपनात येतो तर त्वांडच नसतंय त्येला. औंदा खंडेनवमीला पट्ट्याशेजारी त्येचं त्वांड पायजे."

"मिळंल," आबा म्हणाले. "तुमी फकस्त बाजारच्या दिवशी येऊन बसत जावा. डोळं तुमचं घेतो."

त्यांनी हा शब्द दिला तेव्हा मी तिथे होतो. आबांनी दिलेला शब्द मागे गेल्याचे मी कधी पाहिले नव्हते.

काम सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात आबा म्हणाले, "कृष्णात, दिवा मळका पडतोय. तेल बघ."

लढाईमुळे रॉकेल दुर्मीळ झाले होते आणि मिळे त्यात पाणी असे, हे खरेच होते. मी डबा तिरका करून पाहिला. तळाशी पाण्याची रेघ दिसली. मला फार बरे वाटले. दोष सापडला होता.

लालासाबला ते पटले नाही. "पाणी इंजनात गेलं आसतं तर त्ये खोकलं आसतं, कृष्णातराव. ठोका ऐका की. म्हातारी सुपारी कुटती तसा पडतोय, एक बी चुकत न्हाय."

"मग दिवा मळका का?"

"मळका कुठाय? मला तर डोळं दिपत्यात."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. वाद घालणे मला जमत नसे. मी गप्प राहून मनात वाद जिंकत असे. मी रॉकेल फडक्यातून गाळले, निवळू दिले, वरचे स्वच्छ तेवढे ओतून घेतले. आबांनी चित्रावर मान झुकवली, खडू उचलला, ठेवला. "अजून मळकाच."

रॉकेल पुढे मिळेनासेच झाले. मग शेंगतेल. इंजिनाचे डोके आधी तापवून लाल करायचे आणि मग तेल सोडायचे, अशी त्या यंत्राची रीत होती. डोके पुरेसे तापले तर त्याला कोणतेही तेल चाले, असे त्याच्याबरोबर आलेल्या कागदात लिहिले होते. मी कॉलेजात दोन वर्षे काढली होती, त्यामुळे छापील गोष्टीवर माझा विश्वास बसे. शेंगतेलावर इंजिन चालले. परंतु त्याच्या धुराड्यातून असा वास निघाला की पेठेतल्या बायका भिंतीवरून डोकावू लागल्या.

"मास्तर, रोज भजी व्हय? आन शेजाऱ्याला एक घाणा न्हाय?"

"ये आक्का, खुळी का काय!" लालासाब आतून ओरडला. "इंजनाचं डोहाळजेवण हाय. बाळत झालं की सांगतो!"

मला लाजेने घरात तोंड लपवावेसे वाटले. तेवढे सोसूनही शेंगतेलाने दगाच दिला. सकाळच्या गारव्यात ते नीट पेट घेत नसे. अर्धवट जळून आत चिकटा धरी, आणि मग प्रत्येक ठोक्याला दिवा श्वास घेतल्यासारखा लहानमोठा होई. आबा म्हणाले, "बघ, मी म्हणत हुतो." त्या वेळी ते खरे होते. म्हणूनच ते पुढेही खरे असणार असे मी धरून चाललो.

आमच्या धंद्याची ही खोडच आहे. फोटोची काच काळवंडली की उजेड जास्त झाला, चेहरा फिका आला की उजेड कमी झाला, मूल हलले तरी आम्ही म्हणतो उजेड पुरेसा असता तर इतका वेळ बसवावे लागले नसते. इतर घरांत चूक नवऱ्याची असते, सुनेची असते, दैवाची असते. आमच्या घरात चूक नेहमी उजेडाची असे. त्याचे एक सुख होते: उजेडाला राग येत नाही, आणि तो दुरुस्त करता येतो.

तिसरे करंजाचे तेल. ही कल्पना लालासाबची. "बेळगावात करंजेलावर आख्खा खेळ दावलाता आमी," तो छाती काढून म्हणाला.

"लोक बसले?"

"बसलं की! नाकाला पदर लावून बसलं."

करंजेलाचा धूर कडू आणि काळा. त्यात लालासाब बढाईच्या भरात धुराड्याचे तोंड काचघराच्या खिडकीकडेच फिरवून बसला. बाजारचा दिवस होता. बयाबाई खुर्चीत मान टेकूला लावून बसल्या होत्या, आणि क्षणात खोलीभर अशी धुरी पसरली की पडद्यावरचे तळे आटले.

"अगं बया बया!" त्या पदराने डोळे पुसत उठल्या. "मास्तर, लेकाचं त्वांड दावतो म्हणालासा, का मलाच त्येच्याकडं धाडायचा इचार हाय?"

मी लालासाबवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी कोणावर ओरडलो असेन. माझाच आवाज मला परका वाटला. तो चिडून म्हणाला, "माझ्यावर कशाला डाफरताय? ह्यो बगा काटा!" आणि त्याने वीज मोजायच्या तबकडीवर बोट आपटले. "जिथल्या तिथं हाय. रॉकेलला बी हितंच हुता, आता बी हितंच. शेंगतेलाला तेवढा नाचला. मग मालकास्नी रोज मळकं कुठनं दिसतंय?"

मी काट्याकडे पाहिले. तो खरेच स्थिर होता. मी म्हणालो, "तबकडी बिघडली असेल."

लालासाब धुराड्याचे तोंड फिरवायला गेला. 

मी तबकडी उघडली, पुसली, बंद केली. नंतर मी लोणारी कोळशाच्या मागे लागलो. कोळसा कोंडून जाळला तर त्याच्या वाफेवर इंजिन चालते, असे मी एका मासिकात वाचले होते. लालासाब म्हणाला, कोळशाची भुकटी फोटोच्या वल्या काचांवर बसली की नवरी मुलगीसुद्धा देवीच्या वणाची दिसेल. हे बरोबर होते. तरी मी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला.

श्रावण सरला. चित्रात फेटा झाला, कान झाले, गळ्यातला ताईत झाला. डोळ्यांची जागा तशीच होती. आबा तिथे खडू टेकवत, मग कापसाच्या बोळ्याने पुसत, पुन्हा टेकवत. पुसून पुसून त्या जागी कागदाला लव उठली. मी स्वतःशी म्हणालो, हवा दमट आहे, कागद सर्दावला आहे.

आणखीही काही गोष्टी मी पाहत होतो. कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडाखाली आता आबा जात नसत. "मान भरून येती," म्हणून चेहरा स्पष्ट करून घेण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले होते, आणि मला वाटले, त्यांचा माझ्यावर विश्वास बसू लागला. जेवायला वाढताना आई तांब्या त्यांच्या हाताला टेकेल असा ठेवू लागली होती. एकदा बयाबाई दारात उभ्या असताना आबांनी "कोन पावणं?" असे विचारले, आणि मी घाईघाईने सांगितले, "बयाबाई आल्यात, आबा. त्यांच्या पाठीमागून उजेड आहे ना." मी ते विचारल्याशिवाय सांगितले. प्रत्येक गोष्टीला माझ्यापाशी उजेडाचे एक कारण तयार असे. रात्री अंथरुणावर पडलो की ती कारणे एकमेकांना टेकून उभी राहत, आणि एकही काढून पाहण्याचे धैर्य मला होत नसे.

भाद्रपदात शेवटी आम्हाला तेल सापडले. वैतागाने मी पुन्हा शेंगतेलाकडे वळलो होतो. लालासाबशी बोलणे पुन्हा सुरू झाले होते, कारण अबोल्याने इंजिन चालत नाही. आम्ही दोघांनी मिळून शेंगतेल दुहेरी धोतरातून गाळले, तेलाचा डबा धुराड्याला लागून बांधला म्हणजे तेल गरम राहावे, आणि सुरुवातीला जपून ठेवलेल्या कपभर रॉकेलवर इंजिन पेटवून ते तापल्यावर मग शेंगतेल सोडले. इंजिन जे लागले ते असे, की भिंतीपलीकडच्या बायकांनाही वास आला नाही. दिवा एकदम स्थिर. काचघरात इतका स्वच्छ प्रकाश मी पावसाळ्यात कधी पाहिला नव्हता. पडद्यावरच्या हंसांची पिसे मोजता आली असती.

"या अल्ला!" लालासाब आपल्याच मांडीवर थाप मारून म्हणाला. "हे तेल आदी सुचलं आसतं तर आमचा तंबू बुडला नसता, कृष्णातराव!"

मी धावत आबांकडे गेलो. ते चित्रासमोर बसले होते. मी विचारले, "आता?"

ते बराच वेळ दिव्याच्या दिशेने पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले. माझा श्वास लागलेला त्यांना ऐकू आला असावा.

"आता बरं हाय," ते म्हणाले. "लई बरं हाय, पोरा."

त्या दिवशी मी आनंदाने जेवलो. दुसऱ्या सकाळी चित्र पाहिले; डोळ्यांची जागा पुन्हा पुसलेली होती, आणि कागदाची लव आणखी वर आली होती. मी चित्रावर फडके टाकले. त्या दिवशी मी लालासाबला तेल आणखी एकदा गाळायला लावले. त्याने गाळले.

खंडेनवमी जवळ आली. बाजारच्या दिवशी बयाबाई आल्या त्या सकाळी पाऊस उघडला होता. परसात लालासाबने इंजिनाचे डोके काढून पोत्यावर ठेवले होते आणि आतली काजळी तो खरवडत बसला होता; आज इंजिनाची गरज नव्हती. बयाबाईंनी नवे हिरवे लुगडे नेसले होते. "आज पुरं हुणार न्हवं?" असे त्यांनी मला दारातच विचारले, आणि मी मान डोलावली. त्या खुर्चीत बसल्या, मान टेकूला लावली, आणि शिकवल्याप्रमाणे समोर पाहू लागल्या. एवढ्या दिवसांत त्या बसायला फार छान शिकल्या होत्या.

आबांनी खडू उचलला. ते त्यांच्याकडे पाहत राहिले. खडू कागदापर्यंत गेला आणि थांबला. बाहेर लालासाबच्या खरवडण्याचा आवाज येत होता.

"कृष्णात," आबा म्हणाले, "ढग आलं वाटतं. इंजान लावाय सांग की त्येला."

मी काहीतरी म्हणालो असतो. इंजिन उघडले आहे, थोडा वेळ लागेल, असे काही. पण बयाबाईंनी मान न हलवता, जशा बसल्या होत्या तशाच बसून, सरळ सांगितले.

"ढग कुठलं वो, मास्तर? लख्ख उजेड हाय की. माझ्या बांगड्यांवरची नक्षी दिसतीया मला."

परसातले खरवडणे थांबले.

आबांनी खडू हळूच फळीवर ठेवला. बोटे धोतराला पुसली.

"मग तेल चांगलं हुतं म्हणायचं," ते म्हणाले.

मी मान वर करून छपराकडे पाहिले. तिथे शेवाळ असावे, धूळ असावी, निदान एखादे पान तरी चिकटलेले असावे, असे मला फार वाटत होते. चार महिन्यांच्या पावसाने काचा धुऊन काढल्या होत्या. वर नुसते आकाश होते.

बयाबाई खुर्चीतून उठल्या. मला वाटले, त्या आता निघून जातील. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची उचलली, आबांच्या पुढ्यात आणून ठेवली आणि पुन्हा बसल्या. इतक्या जवळ की त्यांचे गुडघे आबांच्या गुडघ्यांना लागले. त्यांनी चेहरा पुढे केला.

"आता?" त्यांनी विचारले. "आता दिसतंय?"

आबा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते, थोडे डावीकडे चुकून, कानाच्या बाजूला.

आबांना दिसत नव्हते.